मूलपेशींचा पाठ : परळमध्ये सिद्ध झालेलं आणि अजून सिद्ध व्हायचं आहे ते



दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हा पाठ आहे. त्यात मूलपेशी येतात, म्हणजे आपण बोलताना ज्यांना स्टेम सेल म्हणतो त्या. पाठात त्यांच्या उपयोगांची यादी आहे. एका ठिकाणी मधुमेह, हृदयविकाराचा झटका, अल्झायमर, कंपवात अशी नावं येतात. दुसऱ्या ठिकाणी ॲनिमिया, थॅलेसेमिया, ल्युकेमिया. मुलं यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात आणि आपण पुढच्या पाठाकडे वळतो.

पण या यादीत एक मोठा फरक आहे आणि तो आपण शिक्षकांनी सांगितला नाही तर मुलांना दुसरं कोणी सांगणार नाही. थॅलेसेमिया आणि ल्युकेमिया यांवरचा मूलपेशींचा उपचार आज खरोखर होतो. आपल्या मुंबईत होतो. मधुमेह, अल्झायमर, कंपवात यांवरचा अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. पाठ्यपुस्तकात दोन्ही ओळी शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की सगळंच आजच दवाखान्यात मिळतं. याच समजुतीवर मग जाहिराती चालतात. स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे आईवडील अशी जाहिरात वाचून दागिने मोडायला तयार होतात. म्हणून हा पाठ कसा शिकवावा, यावर आज थोडं विस्ताराने लिहिते.

आधी मुलांना गिरणी आठवू द्या

लालबाग-परळच्या मुलांना अस्थिमज्जा समजावायची तर गिरणीइतकं सोपं उदाहरण नाही. अनेकांच्या आजोबांनी पाळ्या केलेल्या असतात. एक पाळी सुटते, दुसरी भरते, गिरणी काही थांबत नाही. आपल्या रक्ताचं तसंच आहे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस काम करते आणि संपते. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बिंबिका आठ-दहा दिवसच टिकतात. काही पांढऱ्या पेशी तर एक-दोन दिवसांतच संपतात. मग नवीन पेशी येतात कुठून? हाडांच्या पोकळीत जो मऊ मगज असतो, त्या अस्थिमज्जेतून. तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात.

या कारखान्याच्या मुळाशी थोड्याशा मूलपेशी असतात. त्यांचे दोन गुण मुलांच्या वहीत ठळक लिहून घ्या.

१. मूलपेशी स्वतःसारखी दुसरी मूलपेशी तयार करू शकते.
२. मूलपेशीपासून वेगळ्या कामाच्या पेशी तयार होऊ शकतात. अस्थिमज्जेतल्या मूलपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका अशा तिन्ही होतात.

हा गुण कॅनडातल्या टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी उंदरांवर प्रयोग करून १९६१ च्या सुमारास दाखवून दिला. त्याआधी तो तर्क होता, त्यानंतर पुरावा झाला.

आता ल्युकेमिया म्हणजे काय? गिरणीत एखादं यंत्र बिघडलं आणि थांबायचं नावच घेईना. नुसतं अर्धवट विणलेलं कापड ढिगाने पडू लागलं. चांगल्या कापडाला जागा उरली नाही. रक्ताच्या कर्करोगात अपक्व पांढऱ्या पेशी अशाच मज्जा भरून टाकतात. तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून मूल पांढरंफटक पडतं, बिंबिका कमी पडतात म्हणून रक्तस्राव होतो, कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात म्हणून ताप हटत नाही. तिन्ही लक्षणांचं कारण एकच. हे जुळलं की मुलांचे डोळे चमकतात, बघा करून.

परळची गोष्ट

ही सगळी हकीकत मुलांना दूरच्या देशातली वाटू देऊ नका. ती आपल्या शेजारची आहे.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. परदेशात उत्तम उपचार मिळूनही गेल्या, कारण त्या काळी या आजारावर उपचारच नव्हता. दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला. पुढे टाटा न्यासाच्या पैशातून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. ते १९४१ मध्ये सुरू झालं.

तिथल्या प्रयोगशाळेची घडी बसवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. शरीराबाहेर, काचपात्रात माणसाच्या पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या कशा, यात गाय यांचा हातखंडा होता. परत आल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मुलींना हे नाव आवर्जून सांगा. पेशी हाताळायची, जपायची, तिचं निरीक्षण करायची सवय परळमध्ये अशी आधीपासून होती.

आणि मग येतात डॉ. सुरेश अडवाणी. जन्म १९४७ चा, कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. आठव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. वैद्यकीय शिक्षणाला जाताना अपंगत्वामुळे आधी नकारच मिळाला. त्यांनी पिच्छा सोडला नाही आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. रक्ताच्या कर्करोगाकडे वळले आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकायला अमेरिकेतल्या सिॲटलला गेले. तिथे ई. डॉनल थॉमस काम करत होते.

थॉमस यांच्याबद्दल मुलांना एक गोष्ट नक्की सांगा. १९५० च्या दशकात त्यांनी हे काम सुरू केलं, तेव्हा एकसारख्या जुळ्या भावंडांमध्ये थोडंफार यश आलं. इतर बहुतेक रुग्ण मात्र दगावले. कित्येक संशोधकांनी हा नाद सोडला. थॉमस प्राण्यांवरच्या प्रयोगांकडे परतले, पेशींची जुळवणी कशी करायची ते शिकले आणि मगच पुन्हा माणसांकडे आले. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सुरुवातीपासून नोबेलपर्यंत तीस-पस्तीस वर्षं गेली. ‘सिद्ध झालं’ या दोन शब्दांची किंमत इतकी असते.

मार्च १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. मज्जा तिच्या सख्ख्या भावंडाची होती. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. डॉक्टरांना पुढे २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

हिशेब मांडून बघा. ज्या आजाराने मेहेरबाई गेल्या, त्याच आजारावर, त्यांच्याच कुटुंबाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात, बावन्न वर्षांनी हा उपचार झाला.

प्रत्यारोपण म्हणजे ऑपरेशन नव्हे

‘प्रत्यारोपण’ शब्द ऐकला की मुलांना वाटतं, हाड कापून दुसरं हाड बसवतात. तसं काही नसतं. टप्पे असे सांगा.

• आधी जुळणारा दाता शोधतात. ही जुळणी रक्तगटाची नसते, पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणांची असते. प्रत्येक पेशी जणू आपलं रेशनकार्ड बाळगून असते. त्यावरून शरीर आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतं.
• रुग्णाला जोरदार औषधं, कधी किरणोपचारही देऊन त्याची बिघडलेली मज्जा रिकामी करतात. या दिवसांत रुग्णाजवळ प्रतिकारशक्ती जवळजवळ नसते, म्हणून त्याला वेगळ्या स्वच्छ खोलीत ठेवतात.
• दात्याच्या कमरेच्या हाडातून भूल देऊन मज्जा काढतात, किंवा काही दिवस इंजेक्शनं देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेगळ्या करतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.
• या पेशी रुग्णाच्या शिरेतून रक्तासारख्याच चढवतात. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात. कोणी रस्ता दाखवावा लागत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त तयार होऊ लागतं.

धोकेही सांगा, लपवू नका. नव्या मज्जेतल्या पांढऱ्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. जंतुसंसर्ग होतो. प्रत्येक प्रत्यारोपण यशस्वी होतंच असं नाही. तरीही ज्यांना दुसरा मार्ग नाही अशा अनेकांना यातून आयुष्य मिळालं आहे.

मुलांना हमखास आवडणारी एक माहिती : दाता ‘बी’ गटाचा आणि रुग्ण ‘ओ’ गटाचा असेल तरी एचएलए जुळल्यावर प्रत्यारोपण होऊ शकतं. काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो!

कृती : दोन नाणी आणि एक चतुर्थांश

गणिताच्या शिक्षकांना सोबत घ्या. संभाव्यतेचा पाठ इथेच पक्का होतो.

आईकडे एचएलएचे दोन संच असतात, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. वडिलांचे ‘क’ आणि ‘ड’. मुलाला आईचा एक आणि वडिलांचा एक मिळतो. म्हणजे चार शक्यता : अक, अड, बक, बड. आता एका मुलाने दोन नाणी उडवायची. एक नाणं आईचं, दुसरं वडिलांचं. आलेली जोडी फळ्यावर लिहा. मग शेजारच्याने, म्हणजे ‘भावंडाने’, उडवायची. जोडी तंतोतंत जुळली का? वर्गातल्या सगळ्या जोड्यांकडून करून घ्या आणि मोजा. चारांत एकाच्या आसपास जुळणी येईल.

मग पुढचा प्रश्न टाका. रुग्णाला दोन भावंडं असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता किती? एकही न जुळण्याची शक्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे नऊ सोळांश. उरले सात सोळांश. निम्म्याहूनही कमी. आज घराघरांत एक-दोनच मुलं असतात, म्हणून अनोळखी दात्यांच्या नोंदणीची गरज का पडते हे मुलांना आपोआप कळतं. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, एवढंच. १८ वर्षं पूर्ण झालेल्या निरोगी माणसाला हे करता येतं. अलीकडे निम्मी जुळणी असलेल्या आईवडिलांच्या मज्जेवरही प्रत्यारोपण करतात.

हाच एक चतुर्थांश थॅलेसेमियात उलटा येतो. आई आणि वडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारांत एक असते. एचबीए-टू ही रक्ताची तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला केली तर हे आधी कळतं. वर्गातली मुलं आठ-दहा वर्षांनी लग्नाच्या वयाची होतील. तेव्हा हा पाठ त्यांना आठवला तर आपल्या शिकवण्याचं चीज झालं.

थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचं बोरिवलीला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं केंद्र आहे. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र मुलांना १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ओळखीत असं मूल असेल तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

आता जाहिरातींकडे वळू

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिने २०१७ मध्ये मूलपेशींबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सारांश असा : रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूलपेशी प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकीच्या आजारांत मूलपेशींचा वापर हा प्रयोग आहे. तो मंजुरी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचार करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही २०२२ मध्ये सांगितलं आहे.

याचा अर्थ संशोधन खोटं आहे असा नाही. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीसारखं बनवून दाखवलं आणि २०१२ मध्ये नोबेल मिळवलं. जगभर कंपवातावर, डोळ्यांवर, मधुमेहावर गंभीर काम चालू आहे. उद्या त्यातून काही येईलही. पण ‘उद्या येईल’ आणि ‘आज घ्या, आगाऊ रक्कम भरा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे डॉ. अडवाणींचं उदाहरण पुन्हा आठवा. पोलिओ मणक्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. त्या पेशी पुन्हा उगवून पाय चालते करणारा सिद्ध उपचार आजही नाही. देशाला मूलपेशींचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण देणारा डॉक्टर आयुष्यभर चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात फिरला. रक्ताच्या मूलपेशी रक्त बनवतात, चेतापेशी बनवत नाहीत. मूलपेशी म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा नव्हे, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

बाळाच्या नाळेतलं रक्त खाजगी बँकेत ठेवण्याबद्दलही पालक विचारतात. नाळेच्या रक्तात मूलपेशी असतात हे खरं. पण बाळाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल तर तोच दोष त्याच्या नाळेतल्या पेशींतही असतो, मग त्या त्याच बाळाला द्यायच्या कशा? ‘विमा’ म्हणून पैसे भरून रक्त साठवण्याची शिफारस आयसीएमआर किंवा भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना करत नाही. घरात आधीच असा आजारी मूल असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

पालकांनी विचारायचे चार प्रश्न

कोणी मूलपेशींचा उपचार सुचवला तर घाबरू नका, लाजू नका. हे विचारा.

१. हा मान्य उपचार आहे की चाचणी?
२. चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामधला नोंदणी क्रमांक काय?
३. चाचणी असेल तर आमच्याकडून पैसे का घेता?
४. किती रुग्णांना फायदा झाला आणि उपचार न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली का?

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘एका मुलात फरक पडला’ हे ऐकायला छान वाटतं. पण मुलं वाढतात तशी बरीचशी आपसूक सुधारतात, शिवाय त्याच वेळी वाचा-उपचार आणि व्यायामही चालू असतात. फरक कशाने पडला हे तुलनेशिवाय कळत नाही. सहावीतल्या मुलाला दोन कुंड्यांचा प्रयोग शिकवताना आपण हेच सांगतो ना? एकीला खत द्या, एकीला देऊ नका, मग बघा.

स्वाध्याय

१. पाठ्यपुस्तकातली उपयोगांची यादी दोन रकान्यांत लिहा : ‘आज मान्य उपचार’ आणि ‘संशोधन चालू’.
२. तांबडी पेशी १२० दिवस जगते, तर एका वर्षात ती साधारण किती वेळा बदलते?
३. रुग्णाला तीन भावंडं असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता काढा. (उत्तर : ३७/६४)
४. वर्तमानपत्रातली किंवा मोबाइलवरची एखादी आरोग्यविषयक जाहिरात आणा. वरचे चार प्रश्न तिला लावा आणि वर्गात चर्चा करा.

पहिला स्वाध्याय वहीत झाला की वही घरी आईवडिलांना दाखवायला सांगा. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावची माणसं आजारी मुलांना घेऊन राहिलेली असतात. त्यांना खोटी आशा देणारे पुष्कळ भेटतात. खरी आशा कुठे आहे आणि ती कुठे संपते, हे ओळखणारी मुलं आपल्या वर्गातून बाहेर पडायला हवीत.

तुम्ही हा पाठ कसा घेता, तेही जरूर कळवा.